‘एक दिन’च्या गाण्यातला ‘आज’

सकाळचा परिपाठ. पटांगणावर वर्गवार रांगा. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, आणि बाई पेटीवर सूर धरतात. ‘होंगे कामयाब...’ महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कितीतरी जणांना हे समूहगीत कुणी मुद्दाम शिकवलंच नाही. कानावर पडत राहिलं आणि तोंडात बसलं.

त्याची कडवी जरा मनातल्या मनात म्हणून बघा. आपण कामयाब होणार. कधी? एक दिन. चारों ओर शांती होणार, एक दिन. हातात हात घालून चालणार, तेही एक दिन. आणि मग एक कडवं येतं, तिथं ‘एक दिन’च्या जागी वेगळाच शब्द उभा असतो. ‘नहीं डर किसी का आज.’

आज.

लहानपणी गाताना हे कधी जाणवलं नाही. पण त्या एका शब्दामागे एक रात्र आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली, १९५९ सालच्या उन्हाळ्यातली. तिथं पोचायला आधी चौदा वर्षं मागं जावं लागेल.

साउथ कॅरोलायना राज्यातलं चार्ल्स्टन शहर. ईस्ट बे स्ट्रीटवरची ही भलीमोठी विटांची इमारत आजही उभी आहे. इथं अमेरिकन टोबॅको कंपनीचा सिगारचा कारखाना होता. ऑक्टोबर १९४५ मध्ये इथल्या कामगारांनी संप पुकारला. संपात पुढं होत्या त्या कृष्णवर्णीय बाया. मजुरी तुटपुंजी, आणि कातडीच्या रंगावरून कामाची वाटणी ठरलेली. संप लांबला, तब्बल पाच महिने. हिवाळा आला, पाऊस आला, तरी कारखान्याच्या फाटकासमोरच्या त्यांच्या फेऱ्या थांबल्या नाहीत.

ल्यूसिल सिमन्स नावाची एक कामगार होती. दिवसभराची निदर्शनं संपली, घरी जायची वेळ झाली, की ती एक गाणं सुरू करायची. चर्चमध्ये म्हणायचं जुनं भजन. चर्चमध्ये ते टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणत, ल्यूसिल मात्र ते अगदी संथ लावायची, एकेक अक्षर ओढून. भजनात शब्द होते, ‘मी तरून जाईन’. या बायकांच्या तोंडी ‘मी’चा ‘आम्ही’ झाला. ‘आम्ही तरून जाऊ.’ ज्या गाण्याला पुढं जग ‘वुई शॅल ओव्हरकम’ म्हणून आणि आपण ‘होंगे कामयाब’ म्हणून ओळखू लागलो, ते असं भिजत उभ्या राहिलेल्या बायकांचं गाणं आहे. त्याचा कर्ता कोण, यावर पुस्तकं लिहिली गेलीत, खटलेही झालेत. माझ्यापुरतं उत्तर या फाटकापाशीच आहे.

संपातल्या काही बाया पुढं एका शिबिराला गेल्या. टेनेसीच्या डोंगरात, मॉन्टीगल गावाजवळ, हायलँडर फोक स्कूल नावाची एक संस्था होती. १९३२ साली सुरू झालेली. कामगारांना संघटना कशी बांधायची ते शिकवणारी. गोरे आणि काळे एका टेबलावर जेवले तर कायदा आड यायचा असा तो प्रदेश, आणि इथं सगळे एकत्र जेवायचे, एका छपराखाली झोपायचे. रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी माँटगोमेरी शहरात बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला, त्याच्या काही महिने आधी त्या इथं शिबिराला येऊन गेल्या होत्या.

हायलँडरच्या संगीताची बाजू झिल्फिया हॉर्टन सांभाळायच्या. त्यांनी हे गाणं अॅकॉर्डियनवर बसवलं आणि आलेल्या प्रत्येकाला शिकवलं. त्यांच्याकडून ते पीट सीगर या गायकानं उचललं. १९५७ मध्ये सीगरच्या तोंडून कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी ते इथंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी मोटारीतून जाताना ते गुणगुणत होते, हे गाणं डोक्यातून जातच नाही म्हणाले.

आता ती रात्र. ३१ जुलै १९५९.

हायलँडरमध्ये शिबिर सुरू होतं. सेप्टिमा क्लार्क या शिक्षिका ते चालवत होत्या. रात्री मंडळी चित्रपट बघत बसली होती, म्हणून खोलीत अंधार. अचानक दार उघडलं आणि पोलीस आत घुसले. कारण सांगितलं दारूचं, कारण त्या तालुक्यात दारूबंदी होती. खरं कारण खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

अंधारात बसलेल्यांत जमिला जोन्स ही माँटगोमेरीची मुलगी होती, चौदा-पंधरा वर्षांची. पोलीस बॅटरीचे झोत टाकत सामान उचकत होते, पोरं जागच्या जागी थिजलेली. कुणीतरी गाणं सुरू केलं. हेच गाणं. आणि गाता गाता तिथल्या तिथं एक नवी ओळ जुळली. ‘आम्ही भीत नाही. आम्ही भीत नाही. आज आम्ही भीत नाही.’

जमिला जोन्स यांनी पुढं आठवण सांगितली आहे. आवाज चढत गेला तसा एक पोलीस तिच्याजवळ आला आणि म्हणाला, गायचंच असेल तर इतक्या मोठ्यानं गायलाच हवं का? बोलताना तो थरथरत होता. बंदूक त्याच्याकडे, वर्दी त्याच्या अंगावर, आणि थरथर त्याचीच. गाण्यात किती ताकद असते ते मला त्या रात्री कळलं, असं त्या म्हणतात.

म्हणून त्या कडव्यात ‘आज’ आहे. विजय पुढं कधीतरी मिळणार होता, शांतता पुढं कधीतरी येणार होती, पण भीती त्याच घटकेला टाकायची होती. ‘एक दिवस आम्ही भिणार नाही’ हे त्या खोलीत कुणाच्याच कामाचं नव्हतं.

सेप्टिमा क्लार्क यांना त्या रात्री अटक झाली. त्या दारूला शिवतही नसत. पुढं टेनेसी सरकारनं हायलँडरची मान्यता काढून घेतली, जमीन आणि इमारती जप्त केल्या, लिलावात विकल्या. संस्था दुसरीकडे पुन्हा उभी राहिली. मार्च २०१९ मध्ये तिच्या मुख्य कार्यालयाला आग लागली, तेव्हा वाहनतळावर वर्णवर्चस्ववाद्यांचं चिन्ह रंगवलेलं सापडलं. म्हणजे हे प्रकरण इतिहासजमा झालेलं नाही.

त्या रात्री अटक झालेल्यांत गाय कॅरवान हा गोरा गायकही होता. एप्रिल १९६० मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या रॅली शहरात विद्यार्थी चळवळीची मोठी बैठक भरली, तिथं तो गिटार घेऊन उभा राहिला. पोरं आपसूक उठली. उजवा हात डाव्यावरून नेऊन शेजाऱ्याचा हात धरायचा आणि डुलत गायचं, ही रीत तिथूनच पसरली. पुढच्या तीन-चार वर्षांत हे गाणं तुरुंगात, पोलिसांच्या गाडीत, अंत्ययात्रेत, सगळीकडे पोचलं. चळवळीतल्या गायिका, जॉर्जियातल्या बर्निस जॉन्सन रीगन मात्र ‘आम्ही’वर पूर्ण खूश नव्हत्या. त्यांचं म्हणणं, आमच्या समाजात ‘मी’ म्हटलं की माणूस बांधला जातो. ‘आम्ही’ म्हटल्यावर नेमकं कोण येणार ते कळत नाही. हे ऐकल्यापासून मी त्या जुन्या ‘मी’कडे वेगळ्या नजरेनं बघते.

१५ मार्च १९६५. अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावात मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांवर लाठ्या चालून आठवडा झालेला. मतदान हक्काच्या कायद्यासाठी अध्यक्ष लिंडन जॉन्सन अमेरिकी संसदेपुढं उभे राहिले आणि भाषणात त्यांनी याच गाण्याचे शब्द उच्चारले. किंग ते टीव्हीवर बघत होते. सोबतचे, चळवळीतले तरुण नेते जॉन लुईस पुढं सांगत, की त्या क्षणी किंग यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

१९६८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या डंगॅनन गावातल्या मोर्च्यात, १९८९ मध्ये प्रागच्या चौकात, गाणं फिरत राहिलं. २०१८ मध्ये त्यावरचा स्वामित्वहक्काचा दावा सुटला आणि ते कायद्यानंही सगळ्यांचं झालं.

आपल्याकडे ते आलं गिरिजाकुमार माथुर यांच्या हिंदीतून. आकाशवाणी आणि दूरदर्शनमध्ये आयुष्य घालवलेला हा कवी. किंग स्वतः १९५९ च्या फेब्रुवारीत मुंबईत आले होते, गांधीजींच्या मणिभवनात राहिले होते. छाप्याच्या अवघे पाच महिने आधी. माथुरांनी शब्द बदलले, चाल ठेवली. आणि ते एक कडवं आलं, तेव्हा तिथला ‘आज’ त्यांनी हलवला नाही.

शाळेच्या भिंतीपलीकडून मी हे अनेकदा ऐकलंय. पहिलं कडवं मुलं झोपेतच म्हणतात. ‘साथ-साथ’ला थोडी जाग येते. आणि ‘नहीं डर’ आलं की सगळं पटांगण एकदम मोठ्यानं गायला लागतं.