निळ्या कोटातली फौज

श्रोतेहो, नमस्कार.

युद्धं तर संपत नाहीत, आणि बारमाही फौज पोसायला तिजोरीत पैसा नाही. 1680 च्या दशकात स्वीडनचा राजा कार्ल अकरावा याच्यापुढे हा पेच होता. त्यानं तो जमिनीच्या हिशोबानं सोडवला. काही शेतकरी कुटुंबांचा एक गट पाडायचा, त्या गटाला म्हणत रूते. एका रूतेनं एक पायदळ शिपाई द्यायचा. लक्षात ठेवा, एक रूते, एक शिपाई. रेजिमेंट 1200 जणांची, म्हणजे प्रांतात 1200 रूते. दीडशे जणांची एक कंपनी, अशा आठ कंपन्या.

शिपायाला रूतेनं लहानसं घर, गोठा, जमिनीचा तुकडा आणि भरती होताना रोख रक्कम द्यायची. शांततेच्या काळात तो शेती करी आणि कवायतीला हजर राही. तो मेला किंवा निकामी झाला, की त्याच रूतेनं नवा माणूस शोधायचा. विधवेला घर सोडावं लागे, कारण तिथं नवा शिपाई येणार. या व्यवस्थेचं कौतुक करणारे ही बाजू सांगायची विसरतात.

घोडदळाचं निराळं. आपल्याकडे घोडा सरकारचा असेल तर बारगीर, स्वतःचा असेल तर शिलेदार. तिथं तिसरीच तऱ्हा: घोडाही मोठ्या शेतकऱ्यानं द्यायचा, स्वारही त्यानंच, आणि बदल्यात त्याला सारामाफी.

आता गणवेश. आधी बऱ्याच जणांच्या अंगावर न रंगवलेली राखाडी लोकर असे. 1687 च्या नमुन्यानं निळा रंग रुळवला. गुडघ्यापर्यंत येणारा जाड लोकरी कोट, दुमडलेले रुंद कफ, आत अस्तर. कफ आणि अस्तर बहुतेकांचं पिवळं, पण सगळ्यांचं नाही. यॉन्शॉपिंगच्या रेजिमेंटचं लाल होतं. सिनेमात सरसकट पिवळं दाखवतात आणि कोट कसे, तर आत्ताच इस्त्री करून आणल्यासारखे! डोक्यावर तिकोनी हॅट, नाहीतर कान झाकता येतील अशी टोपी. बुटांना डावा-उजवा भेद नव्हता. झीज सारखी व्हावी म्हणून पाय बदलून घालायचे. आणि हा कोट रोज वापरायचा नाही. तो पेटीत, कवायतीसाठी आणि लढाईसाठी राखलेला.

हा कोट थंडीत किती टिकला? 1719 च्या जानेवारीत काय झालं ते ऐका.

कार्ल बारावा, म्हणजे आधीच्या कार्लचा मुलगा, रशिया आणि डेन्मार्क-नॉर्वेशी चाललेल्या युद्धात 1718 मध्ये नॉर्वेत शिरला. उत्तरेकडून ट्रॉन्डहाइम घ्यायला त्यानं जनरल कार्ल गुस्ताफ आर्मफेल्टला पाठवलं. ते शहर काही पडलं नाही. तिकडे दक्षिणेला फ्रेडरिकस्टेन किल्ल्याच्या वेढ्यात राजाच्या डोक्यात गोळी लागली आणि तो जागीच ठार झाला. बातमी पोहोचली तेव्हा आर्मफेल्टपुढे एकच मार्ग उरला: डोंगर ओलांडून परत स्वीडन.

त्याच्या फौजेत मोठा भाग फिनलंडच्या रेजिमेंटांचा होता; फिनलंड तेव्हा स्वीडनच्याच राज्याचा भाग. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. एक रूते, एक शिपाई, पण फिनलंड रशियाच्या ताब्यात गेलेला. म्हणजे या शिपायांच्या रूतेच शत्रूकडे! मागून नवा माणूस येणार कुठून आणि कपडा येणार कुठून? अंगावरचे कोट महिनोनमहिने वापरून विरलेले.

आजच्या कॅलेंडरप्रमाणे 12 जानेवारीला सुमारे 5800 माणसं नॉर्वेतल्या ट्यूदालहून निघाली. डोंगरापलीकडे स्वीडनमधलं हान्डॉल गाव, अंतर सुमारे 55 किलोमीटर. दोन दिवसांची चाल. दुपारनंतर हिमवादळ उठलं. झाड नाही, आडोसा नाही. रात्री मुक्काम केला तो उघड्या उतारावर. जाळायला काय? खुरटी झुडपं संपली, मग घसरगाड्या फोडल्या, मग बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. त्या एका रात्रीत सुमारे 200 जण गोठून मेले. वाट दाखवणारा नॉर्वेजियनही गेला.

लोकर कोरडी असेल तर ऊब धरते, भिजून गोठली की तिचं ओझं होतं. ओला घट्ट बूट पायातलं रक्त थांबवतो, बोटं तिथंच जातात. आणि दमलेला माणूस एकदा बसला, की उठत नाही. दुसऱ्या दिवशी वादळ तसंच. ओढीची जनावरं मेली, सामान सोडून दिलं, तुकड्या एकमेकींपासून तुटल्या. डोंगरावर सुमारे 3000 माणसं राहिली ती कायमची. जे हान्डॉलला पोहोचले त्यांच्यातलेही कित्येक नंतर दगावले, शेकडो जन्माचे अधू झाले. पाठलागावर आलेल्या नॉर्वेच्या स्कीवाल्या शिपायांना लढावंच लागलं नाही.

स्की त्यांच्याकडे होत्या, यांच्याकडे पुरेशा नव्हत्या. माझं मत विचाराल तर तोफांपेक्षा ती उणीव महागात पडली. पण सेनापतींना तोफांचंच वेड, तेव्हाही आणि आताही.

ते युद्ध 1721 मध्ये संपलं. रूतेची पद्धत मात्र चालू राहिली. 1901 मध्ये सक्तीची लष्करी सेवा आली आणि मग ही जुनी पद्धत हळूहळू मोडीत निघाली. निळा रंगही फार टिकला नाही, 1910 च्या नमुन्यात त्याची जागा राखाडीनं घेतली. दुरून मारा करणाऱ्या रायफलींपुढे ठळक निळा कोट म्हणजे आयतं निशाण.