एकाच तारखेला जन्मलेले संगीतकार : फळ्यावर लिहिण्यापूर्वी

(खान्देशातील वाचनालयांच्या आणि संगीत मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, भुसावळहून बऱ्हाणपूरमार्गे गाडी खंडव्याला जाते. त्या खंडव्यात ४ ऑगस्ट १९२९ रोजी किशोरकुमार जन्मले. त्याच तारखेला, २८ वर्षे आधी, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझ संगीतातले ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग जन्मले. पण जुन्या पुस्तकावरून वाचनालयाच्या फळ्यावर दिनविशेष लिहिणाऱ्याला ही जोडी सापडणार नाही. आर्मस्ट्राँग स्वतः आपली जन्मतारीख ४ जुलै १९०० सांगत. ते १९७१ साली गेले, आणि त्यानंतर चर्चच्या नोंदवहीत त्यांच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे बाळाला ख्रिस्ती धर्मात घेण्याच्या विधीची, नोंद मिळाली. ती सांगते ४ ऑगस्ट १९०१. म्हणजे महिना चुकला होता आणि वर्षही.

आजचा विषय एवढाच आहे. दोन नावे एका तारखेखाली लिहिण्याआधी दोन्ही तारखा तपासायच्या. तपासात टिकली तरच ती जोडी.

जोड्या सापडणे हे मुळात नवल नाही. कोणतीही २३ माणसे घ्या, त्यांत निदान दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते, कारण २३ माणसांच्या आपसात २५३ जोड्या होतात. ५७ माणसांत ती ९९ टक्क्यांवर जाते. उलट बाजूही ध्यानात ठेवा. ३०० संगीतकारांची यादी केली की वर्ष भरेल असे वाटते, पण सरासरीने १६० तारखा कोऱ्याच राहतात. ३६५ तारखांपैकी एकही कोरी राहू नये म्हणाल तर सरासरी २,३०० हून जास्त नावे लागतील. म्हणून रोज एक नाव हवेच हा हट्ट सोडा. त्या हट्टापायीच संशयित तारखा फळ्यावर येतात.

आता ७ मे. माझ्या मते वर्षातली ही सर्वांत शिकवणारी तारीख आहे. जर्मन संगीतकार योहान्स ब्राम्स, ७ मे १८३३, हॅम्बुर्ग. रशियन संगीतकार चायकोव्हस्की, ७ मे १८४०, वोत्किन्स्क. रवींद्रनाथ ठाकूर, ७ मे १८६१, कोलकाता. ठाकुरांना संगीतकारांत का धरता असे कोणी विचारले तर दोन हजारांहून अधिक गाण्यांकडे बोट दाखवा.

तीन माणसे, तीन कालगणना. ब्राम्सची तारीख आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतलीच, तिथे काही करायचे नाही. रशियात मात्र १९१८ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग होते. तिथल्या कागदावर चायकोव्हस्कींची तारीख २५ एप्रिल आहे. त्यात १२ दिवस मिळवले की ७ मे येते. चूक इथे होते. रशियन तारखेत १३ दिवस मिळवायचे असे अनेकांनी पाठ केलेले असते. ते विसाव्या शतकापुरते खरे. एकोणिसाव्यात फरक १२ दिवसांचा, अठराव्यात ११, आणि त्याआधी १७०० पर्यंत १०. फरक जन्माच्या शतकाचा घ्यायचा, आपल्या शतकाचा नाही. १३ मिळवलेत तर ८ मे येईल आणि ब्राम्सशी असलेली जोडी तुटेल.

रवींद्रनाथांचे निराळे आहे. बंगालात त्यांची जयंती २५ वैशाखाला होते, बंगाली सौर वर्षाप्रमाणे, आणि तो दिवस हल्ली ८ किंवा ९ मे रोजी येतो. फळ्यावर ७ मे लिहिले आणि शांतिनिकेतनातल्या कार्यक्रमाची बातमी ९ तारखेला आली, तर वाचक म्हणेल वाचनालयाने चूक केली. म्हणून '२५ वैशाख' हे शब्द तारखेशेजारी लिहाच.

२१ मार्चलाही हाच खेळ आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ, डुमराव. जर्मन संगीतकार योहान सेबास्तियन बाख, आयझेनाख, १६८५. रशियन संगीतकार मुसोर्गस्की, १८३९. यांतला मुसोर्गस्की ९ मार्चमध्ये १२ मिळवून २१ वर आणलेला आहे, आणि बाख मात्र न बदललेला. प्रोटेस्टंट जर्मन संस्थानांनी नवे पंचांग १७०० साली घेतले, त्यामुळे बाखच्या जन्मदिवशी, नवे पंचांग आधीच घेतलेल्या रोममध्ये, ३१ मार्च होती. जग त्याची जयंती २१ लाच धरते, आपणही धरावी, पण आपल्या तारखांच्या वहीत 'जुनी गणना' अशी खूण हवी. बिस्मिल्ला खाँसाहेबांचे जन्मवर्ष काही ठिकाणी १९१३, काही ठिकाणी १९१६ दिलेले आढळते. मग 'कितवी जयंती' हा आकडा लिहूच नये. तारीख पुरे.

आपल्याकडच्या नोंदींचा प्रश्न तिथीचा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचेच घ्या. त्यांच्या ओव्या जात्यावरच्या, म्हणजे गाण्याच्याच, त्यामुळे त्या आपल्या वहीत आहेत. त्यांचा जन्म नागपंचमीचा सांगतात आणि तारीख बहुतेक ठिकाणी २४ ऑगस्ट १८८० छापतात. आता चंद्राला विचारा. त्या वर्षी २० ऑगस्टच्या सुमारास पौर्णिमा झाली. २४ ऑगस्ट म्हणजे वद्य पक्ष. आपली नागपंचमी तर श्रावण शुद्ध पंचमी. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत.

हे पडताळायला जुने पंचांग हाताशी नसले तरी चालते. दर १९ वर्षांनी तिथी आणि इंग्रजी तारीख पुन्हा जवळजवळ जुळतात, एखाद्या दिवसाचा फरक पडतो. १८८० मध्ये सात वेळा १९, म्हणजे १३३ मिळवा. २०१३ आले. २०१३ ची दिनदर्शिका काढा, नागपंचमी ११ ऑगस्टला आहे. म्हणजे १८८० ची नागपंचमी १० किंवा ११ ऑगस्टची. दिवस नागपंचमीचा पाळायचा असेल तर तो दर वर्षीच्या तिथीने पाळा, आणि २४ ऑगस्टपुढे प्रश्नचिन्ह ठेवा. आणखी एक : पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. पहाटे तीनला जन्मलेल्याची तिथी घरचे लोक आदल्या दिवसाची सांगतात, दाखल्यावर तारीख पुढची असते. एका दिवसाचा घोळ बहुधा इथला असतो.

शाहीर, वहीगायन या खान्देशी लोकगीतप्रकारातले कलावंत, सनईवाले यांच्या तारखा गोळा करताना १ जूनपासून सावध राहा. शाळेत नाव घालताना वय बसावे म्हणून गुरुजींनी लिहिलेली ती तारीख. शंभर नावांत एखाददुसरे १ जूनचे असू शकते. आठ-दहा निघाली तर त्या शाळेच्या तारखा समजा आणि त्यांची जोडी लावू नका.

जोडी पक्की झाली की ती ऐकवायची. सगळ्याच जोड्या ऐकण्यासारख्या नसतात. ७ एप्रिलला पंडित रविशंकर आणि अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे आहेत, तारखा चोख, पण एका तासात दोघांनाही न्याय देणे अवघड. त्यापेक्षा ८ सप्टेंबर घ्या. आशा भोसले, १९३३. भूपेन हजारिका, १९२६. चेक संगीतकार द्वोर्झाक, १८४१, प्राग जवळचा. आशाताईंचे आजोळ शिरपूर तालुक्यातले थाळनेर, त्यामुळे इथला श्रोता आपलेपणाने येतो. सुरुवात मात्र द्वोर्झाकपासून करा. त्याच्या नवव्या सिंफनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचा, दुसरा भाग साधारण १२ मिनिटांचा आहे, पहिली चार-पाच मिनिटेच लावा. इंग्लिश हॉर्न नावाचे, सनईसारखे दुहेरी पत्तीचे वाद्य एक ओळ वाजवते : ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. ही ओळ पेटीवर आधी वाजवून दाखवा. श्रोत्याला भूप राग ओळखू येतो. पुढच्या ओळीत भूपात नसलेला शुद्ध निषाद येतो आणि भूप सुटतो, हेही त्याच वेळी सांगा. मग हजारिकांचे एखादे नदीचे गाणे, शेवटी आशाताई. लोकधुनेवर प्रेम करणारा माणूस प्रागजवळही तसाच आणि ब्रह्मपुत्रेकाठीही तसाच, हे न बोलता कळते.

वहीबद्दल थोडे. पाने ३६६ करा. प्रत्येक नावापुढे पाच रकाने : तारीख, जन्मगाव, कालगणना, पुरावा, शंका. पुराव्याच्या रकान्यात 'पुस्तक' असे मोघम नको. जन्मनोंद, बाप्तिस्मा, शाळेचा दाखला की घरच्यांची आठवण, ते लिहा. जर्मन संगीतकार बेथोव्हेनचा बाप्तिस्मा १७ डिसेंबर १७७० रोजी बॉन शहरात झाला. जन्माची नोंद नाही, १६ डिसेंबर हा अंदाज आहे. फळ्यावर '१७ डिसेंबर : बाप्तिस्मा' एवढेच लिहावे.

आणि ३६६ वे पान कोरे सोडू नका. इटालियन संगीतकार रोस्सिनी २९ फेब्रुवारी १७९२ ला जन्मला. १८०० हे लीप वर्ष नव्हते, त्यामुळे १८६८ च्या नोव्हेंबरात तो गेला तोवर त्याच्या वाट्याला खरे वाढदिवस १८ आले. त्याला २८ फेब्रुवारीला किंवा १ मार्चला ढकलू नका. ते पान २०२८ साली उघडेल.