सभागृहात कलम वाचणारी माणसं हवीत

नमस्कार मंडळी.

अमली पदार्थांच्या व्यापाराला पैसा पुरवणाऱ्या आणि त्यातल्या गुन्हेगारांना आसरा देणाऱ्या माणसासाठी भारतीय कायद्यात एक खास कलम आहे. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम २७-अ. शिक्षा दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी. नाक्यावर पुड्या विकणारा पोरगा कुणीही पकडतो. त्याच्या मागच्या शेठपर्यंत पोहोचायचं तर पोलिसांना हेच कलम लागतं. आणि हे कलम १ मे २०१४ पासून सात वर्षं शब्दशः वाचलं तर निकामी होतं. ते निकामी केलं होतं आपल्याच संसदेने, तेही नकळत.

झालं असं. कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिनसारखी वेदनाशामक औषधं सहज मिळावीत म्हणून २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. दुरुस्ती अतिशय चांगली होती. वेदनाशमनाचं काम करणारे डॉक्टर किती वर्षं तिच्यासाठी झगडत होते! तिच्यामुळे व्याख्यांच्या यादीत 'अत्यावश्यक अमली औषधं' ही नवी नोंद आली आणि 'अवैध व्यापारा'ची जुनी व्याख्या एक अक्षर खाली सरकली. पण २७-अ मध्ये जुन्याच अक्षराचा उल्लेख राहिला. म्हणजे अवैध व्यापाराला पैसा पुरवणाऱ्याला पकडायला जावं, तर कलम बोट दाखवणार कर्करुग्णांच्या औषधांकडे.

विधेयक २०११ पासून संसदेपुढे होतं, स्थायी समितीकडेही जाऊन आलं होतं. दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं फेब्रुवारी २०१४ मध्ये, पंधराव्या लोकसभेच्या अखेरच्या अधिवेशनात. तेलंगणाच्या विधेयकावरून लोकसभेत मिरपुडीचा फवारा मारला गेला, तेच हे अधिवेशन. माझा राग एका पक्षावर नाही. चूक एका सरकारच्या काळात झाली आणि दुसऱ्या सरकारच्या काळात वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला आली नाही. शेवटी त्रिपुरातल्या एका खटल्यात आरोपीच्या बाजूने हा मुद्दा पुढे आला, आणि तिथल्या उच्च न्यायालयाने केंद्राला दुरुस्ती करायला सांगितलं. कायदा करणाऱ्यांच्या आधी तो आरोपीच्या बाजूने बारकाईने वाचला गेला, याची मला मनापासून लाज वाटते.

मग ३० सप्टेंबर २०२१ ला अध्यादेश निघाला. त्याच महिन्यात गुजरातच्या मुंद्रा बंदरात सुमारे तीन हजार किलो हेरॉइन सापडलं होतं. अफगाणिस्तानातून इराणमार्गे, टाल्क या खनिजाच्या नावाखाली आलेलं. अध्यादेशाची जागा घेणारं विधेयक डिसेंबरमध्ये मंजूर झालं, १ मे २०१४ पासून पूर्वलक्षी परिणामाने. आता प्रश्न असा की, कलमात दोष असतानाच्या काळातल्या कृत्यांना मागाहून केलेली दुरुस्ती लावता येते का? कृत्य घडलं तेव्हा जो गुन्हा नव्हता त्याची शिक्षा देता येत नाही, असं सांगणारं राज्यघटनेचं विसावं कलम इथे आडवं येतं की नाही? हा प्रश्न उपस्थितही झाला होता. तो दोन्ही सभागृहांत तासन्‌तास घासूनपुसून घ्यायला हवा होता. पण त्या अधिवेशनात राज्यसभा बारा सदस्यांच्या निलंबनावरून तापलेली होती. निलंबन योग्य की अयोग्य यावर वाद जरूर घाला, पण एक लक्षात घ्या, सभागृह बंद पडलं की बाहेरचा धंदा बंद पडत नाही.

चर्चा होतच नाहीत असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत नियम १९३ खाली अमली पदार्थांवर दोन दिवस चर्चा झाली. या नियमाखाली मतदान होत नसतं, त्यामुळे पक्षादेशाचं दडपणही नसतं. मोकळेपणाने बोलायची इतकी चांगली संधी क्वचितच मिळते. तरीही बराच वेळ कुठल्या राज्यात कुणाचं सरकार आहे यावरच गेला. त्या चर्चेत गृहमंत्री म्हणाले की व्यसनात सापडलेला माणूस पीडित आहे, कठोर वागायचं ते व्यापार करणाऱ्याशी. मला हे पूर्ण मान्य आहे. पण कायद्याचं कलम २७ आजही नुसतं सेवन केल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद सांगतं. कलम ६४-अ मध्ये उपचार घेऊ इच्छिणाऱ्याला सूट आहे, पण ती किती कुटुंबांना माहीत असेल? सभागृहात 'पीडित' आणि पोलीस ठाण्यात 'आरोपी', ही दरी भरून काढणं संसदेचंच काम आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयातून अमली पदार्थांच्या प्रकरणातला आरोपी पळाला आणि पाठोपाठ नाशिकजवळ एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या एमआयडीसीत तसाच कारखाना सापडला आणि शेकडो किलो माल जप्त झाला. एमडी कुठल्या शेतात पिकत नाही. ते रसायनांपासून बनतं. त्यासाठी कच्चा माल लागतो, शेड लागते, वीज लागते, रसायनशास्त्र जाणणारा माणूस लागतो. यातल्या प्रत्येक गोष्टीची कुठल्या ना कुठल्या सरकारी दप्तरात नोंद असते, निदान असायला हवी. लक्षवेधी सूचना यावर हवी होती. आणि आपल्याला ऐकायला काय मिळालं? आरोपी कुणाच्या पक्षाचा पदाधिकारी होता आणि त्याचा फोटो कुणाबरोबर आहे! राजकीय आश्रय असेल तर तो उघडा पाडलाच पाहिजे, पण फोटो फडकावून तपास पुढे सरकत नाही.

राजकीय इच्छाशक्ती म्हटलं की आपल्याकडे शिक्षा वाढवण्याची मागणी होते. शिक्षा कमी कधीच नव्हती. १९८९ च्या दुरुस्तीत तर काही पुनरावृत्तीच्या गुन्ह्यांना फाशी सक्तीची केली होती, ती सक्ती २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. खटले कोसळतात ते झडतीतल्या चुकांमुळे, नमुने नीट न घेतल्यामुळे, प्रयोगशाळेचा अहवाल रखडल्यामुळे. जप्त माल नष्ट न होता गोदामात पडून राहतो आणि तिथून पुन्हा बाहेर जाण्याची भीती असते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याच्या साठवणुकीबद्दल आणि विल्हेवाटीबद्दल आदेश द्यावे लागले. या कामात टाळ्या नाहीत. पण इच्छाशक्ती बघायची तर मी इथेच बघेन, अर्थसंकल्पातल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांच्या तरतुदीत आणि विशेष न्यायालयांच्या संख्येत.

आपण महाराष्ट्रापासून दूर राहून काय करणार, असं कुणी विचारेल. लोकसभा-राज्यसभेतले प्रश्न आणि त्यांची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर वाचता येतात. आपल्या मूळ मतदारसंघाच्या खासदाराने या विषयावर काय विचारलं, ते घरबसल्या बघता येतं. शिवाय आमदार-खासदार आपल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांना पाहुणे म्हणून येतात. पुढच्या वेळी शाल-श्रीफळ देऊन झालं की दोन प्रश्न विचारू या. कुरकुंभनंतर राज्यातल्या बंद पडलेल्या रासायनिक कारखान्यांची तपासणी झाली का, आणि तिचा अहवाल सभागृहात मांडायला आपण सरकारला कधी भाग पाडणार आहात?