झेरॉक्सच्या दुकानातलं कलम

नमस्कार श्रोतेहो. कॉपीराइट म्हटलं की आपण लगेच घाबरतो. आता ही गंमत ऐका.

कळव्यातली एक मुलगी, बारावी कॉमर्सला. तिला दिसत नाही. लॅपटॉपमधला स्क्रीन रीडर वाचतो आणि ती ऐकते, असा अभ्यास. विकत घेतलेलं पुस्तक घेऊन बापलेक ठाणे स्टेशनजवळ झेरॉक्सवाल्याकडे गेले. "सगळं स्कॅन करून पेनड्राइव्हवर द्या." तो म्हणाला, "अख्खं पुस्तक नाही हो, कॉपीराइट आहे. दोन धडे देतो." वर पंख्याखाली कागद फडफडत होते. मुलीनं विचारलं, "काका, वर काय टांगलंय?" बाबांनी मान वर केली. दोरीवर ओळीनं गाइडांच्या झेरॉक्स! मुलगी शांतपणे म्हणाली, "कायद्यानं ते चालत नाही. माझं चालतं. कलम ५२, एक, झेडबी." काकांनी गुपचूप मशीन सुरू केलं.

घरी फाइल उघडली तर स्क्रीन रीडर मुका! स्कॅन म्हणजे नुसता फोटो, त्याची अक्षरं करावी लागतात. ती केली, तर प्रत्येक 'धनको'चा झाला 'घनको'. आई रोज रात्री एकेक पान दुरुस्त करत बसली. (आपले प्रकाशक फाइलच नीट युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला वाचता येतील अशा अक्षरांत, का ठेवत नाहीत, देव जाणे. मुंगीएवढा टाइप छापायला मात्र तयार!)

तर कायदा. कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनं हे कलम आलं. अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या वापरासाठी, शिक्षणासाठी, संशोधनासाठी पुस्तक तिला वाचता येईल अशा रूपात करायला परवानगी लागत नाही. पुन्हा सांगतो, लेखकाची नाही, प्रकाशकाचीही नाही. संस्थेनं केलं तर नफा घ्यायचा नाही, फक्त खर्च घ्यायचा, आणि प्रत बाजारात जाऊ द्यायची नाही. अशा प्रती देशादेशांत पाठवता याव्यात म्हणून २०१३मध्ये माराकेश करार झाला. त्याला सर्वांत आधी मंजुरी दिली ती भारतानं, २०१४ साली.

आणि हो, स्कॅनिंगला बसण्याआधी 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा. दिसत नाही, पुस्तक हातात धरता येत नाही किंवा डिस्लेक्सियामुळे छापील मजकूर वाचता येत नाही, अशांसाठी ते २०१६पासून आहे. तिथे पुस्तक मिळालं, तर रात्रीची दुरुस्ती वाचली. नाही मिळालं, तर कलमाचा आकडा लक्षात आहे ना? ५२, एक, झेडबी.