चुनखडीच्या थरांमधली माती

वायोंतचं नाव निघालं की धरण फुटलं असंच बरेच जण धरून चालतात. फुटलं नव्हतं. उत्तर इटलीतलं ते 262 मीटर उंच कमानी धरण आजही उभं आहे. 9 ऑक्टोबर 1963 च्या रात्री मोंते तोक डोंगराची सुमारे 27 कोटी घनमीटर दरड जलाशयात कोसळली, पाणी भिंतीवरून उसळलं आणि खालचं लोंगारोने गाव वाहून गेलं. दोन हजारांच्या आसपास माणसं दगावली.

मला बोलायचंय ते धरणाबद्दल नाही, खडकाबद्दल. माळीणच्या दरडीलाही हेच लागू होतं का, असं विचारलं गेलंय; त्याकडे शेवटी येतो. तो बनला कसा हे कळलं, की घसरला कुठून याचा अर्धा उलगडा होतो.

तिथल्या बुडाच्या जाड चुनखडीचा तुकडा भिंगाखाली धरा. माशाच्या गाभोळीसारखे बारीक गोल कण दिसतील. असे कण उथळ, उबदार, सतत हलत्या समुद्रात होतात. पाण्यात घोळता घोळता त्यांच्यावर चुन्याचे पापुद्रे चढतात. थरांची ठेवण मात्र खोल समुद्राची: तळाशी भरड, वर बारीक होत गेलेली. म्हणजे माल उथळ पाण्यातला, आणि ज्युरासिक काळात तो गढूळ लोंढ्यांबरोबर उतारावरून खोलात आलेला. दरडीने गाडलेल्या दरीचा पायाच समुद्रतळावरच्या घसरणींनी घडवलाय!

त्यावरच्या चुनखडीत मध्येमध्ये चिकणमातीचे पट्टे आहेत. लोंढे थांबले की बारीक गाळ सावकाश बसायचा, त्याचे हे पट्टे. जाडी काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. चुनखडीवर चुनखडी तीस अंशांच्या उतारावरही तग धरते. एकदा सरकून गुळगुळीत झालेली भिजकी चिकणमाती दहा-बारा अंशांतच सुटते. मोंते तोकचे थर दरीकडेच कललेले, आणि वरच्या भागात चांगलेच तीव्र. त्यात भर म्हणून पायथ्याशी तलाव भरला, पाणी थरांत शिरलं.

हे कुणाला दिसलंच नाही असं नाही. धरणाचे अभियंता कार्लो सेमेंझा यांचे चिरंजीव एदोआर्दो भूवैज्ञानिक होते. 1959 मध्ये त्यांनी डाव्या काठावर चुरडलेल्या, पुन्हा न जुळलेल्या खडकाचा पट्टा पाहिला. समोरच्या काठावर एक सुटी टेकडी होती, तिचे थर डाव्या काठाशी जुळत होते. त्यांनी निष्कर्ष काढला: इथे फार पूर्वी प्रचंड दरड कोसळलीय. माझ्या मते त्या दरीतलं सर्वांत मोलाचं निरीक्षण हेच. 4 नोव्हेंबर 1960 ला सात लाख घनमीटरचा लचका तलावात पडला, वर दोनेक किलोमीटरची भेग उघडली. तरी पाण्याची पातळी खालीवर करून डोंगर काबूत ठेवता येईल, असाच हिशेब चालू राहिला.

दुर्घटनेनंतरही काही नामवंत तज्ज्ञ तिथे चिकणमाती नाहीच म्हणत होते. 1985 मध्ये हेंड्रॉन आणि पॅटन या अभ्यासकांनी घसरणीच्या पृष्ठावर ती दाखवून दिली.

आता माळीणचा प्रश्न. सह्याद्री लाव्ह्याचा, तिथे हे गणित जसंच्या तसं लावू नका. माळीणला 30 जुलै 2014 ला खाली आली ती मुख्यतः बेसाल्टवरची कुजलेली, पावसाने चिंब झालेली माती. तिथे आधी मातीची जाडी आणि पाण्याच्या वाटा बघाव्या लागतात.

बोअरचा गाभा, म्हणजे जमिनीत छिद्र पाडून काढलेला खडकाचा दांडा, कुणी पेटीत मांडून दाखवला, तर मी आधी रिकाम्या जागा बघतो. दोन सेंटिमीटरची चिकणमाती बोअरच्या पाण्याबरोबर बऱ्याचदा वाहून जाते. पेटीत राहते ती निव्वळ ठणठणीत चुनखडी.