खांदेरीचा दिवा आणि वऱ्हाडची गाठ

श्रोतेहो, राम राम.

आमच्या गावापासून समुद्र सहाशेंहून जास्त किलोमीटर लांब. गावातल्या कित्येकांनी तो अजून पाहिलेला नाही. तरी आज बोलायचं आहे ते एका दीपगृहाबद्दल. नातं काढायचंच तर ते कापसाकडून निघतं.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग साहेबाला वऱ्हाड आठवला. भाव कडाडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली ती १८६७ मध्ये. भाव गेला आणि गाडी आली! आपल्या नशिबी हे तेव्हापासूनच आहे म्हणायचं.

त्याच १८६७ मध्ये मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी बेटावर दीपगृह उभं राहिलं. ते काही आपल्या पऱ्हाटीसाठी बांधलं नव्हतं. पण सुएझचा कालवा सुरू व्हायला अजून दोन वर्षं होती. विलायतेला जाणारं जहाज मुंबईतून निघालं की दक्षिणेकडे वळायचं आणि आफ्रिकेला वळसा घालायचं. म्हणजे अमरावती-खामगावकडच्या कापसाच्या कितीतरी गाठी हा दिवा डाव्या हाताला ठेवून गेल्या असणार.

बेटाचा इतिहास मात्र दिव्याहून जुना. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला. बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचं ठाणं झालं तर मुंबईवर कायमची नजर राहणार, हे इंग्रजांनी ओळखलं. त्यांची गलबतं चालून आली, जंजिऱ्याचा सिद्दीही आला. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराने त्यांना तोंड दिलं आणि तट चढतच राहिला. शेवटी इंग्रजांनीच माघार घेतली. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले, त्यांत खांदेरी आहे. बेटावर कोळी बांधवांचा वेताळ आहे. आणि एक दगड असा, की दुसऱ्या दगडाने ठोकला तर भांड्यासारखा वाजतो. दीपगृहाला आता कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. ज्यांना इंग्रज समुद्री चाचा म्हणत, त्यांच्याच नावाच्या दिव्याने आज जहाजं वाट काढतात!

दीपगृहाचा बुरूज अष्टकोनी आहे. एवढा उंच कशाला, असं वाटेल. त्याचं कारण पृथ्वीच्या गोलाईत आहे. किनाऱ्यावर उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम पावणेपाच किलोमीटरवर दिसतं. तोच पंचवीस मीटर उंच चढला, तर नजर अठरा किलोमीटरपर्यंत जाते. मचाण आपण उगाच बांधत नाही.

पण नुसत्या उंचीने भागत नाही. तेलाच्या दिव्याचा उजेड चहूकडे सांडतो, समुद्राकडे जातो थोडाच. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने काचेच्या लोलकांची कडी एकाभोवती एक अशी रचली, की सांडणारा उजेड वळून एका झोतात जमा व्हावा. असं भिंग १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआं दीपगृहात पहिल्यांदा लागलं आणि मग जगभर पसरलं. पुढे या अवजड भिंगांना पाऱ्याच्या कुंडात तरंगतं ठेवू लागले. मग बोटाने ढकललं तरी फिरायचं. फिरवायला घड्याळासारखं यंत्र असे. त्याचं वजन हळूहळू खाली उतरायचं आणि राखणदार ते रात्रीतून पुन्हापुन्हा वर चढवायचा. पिकाची रात्रीची राखण, आपली जागलीच ती, फक्त रानडुकराऐवजी खडक.

भिंग फिरलं की दूरच्याला उजेड लखलखून जातो, मग अंधार, मग पुन्हा उजेड. ही लय प्रत्येक दीपगृहाची वेगळी ठेवलेली असते आणि ती नकाशात छापलेली असते. खलाशी झोत मोजतो, मधला अंधार मोजतो आणि समोर कोणतं ठिकाण आहे ते सांगतो. मला विचाराल तर सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच. उजेड तर कोणीही करतो, पण उजेडाला नाव द्यायचं म्हणजे अक्कल लागते.

काही वर्षांपूर्वी मी काकांना घेऊन थळला गेलो होतो. रात्री वाळूत बसून ते बोटांवर झोत मोजत राहिले. म्हणाले, "हे तं आपल्या जागलीच्या बॅटरीवानीच हाये लेका."

दिवाळीनंतर हरभऱ्याच्या जागलीला गेलो, तर काकांच्या मचाणावरून बॅटरी दोनदा चमकली, थांबली, पुन्हा दोनदा चमकली. पलीकडच्या धुऱ्यावरून कोणीतरी ओरडलं, "काका, सेल गेले का?"

नमस्कार.