सत्तावीस नावं आणि गार बटाटेवडे

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवरून कार्टूनबद्दल बोलायचं म्हणजे फोनवरून पुरणपोळी वाढायची. दाखवता काहीच येत नाही. तरी बोलणार आहे, कारण एक किस्सा पोटात आहे आणि तो सांगायला मी वर्षभर निमित्त शोधतोय. सोसायटीत आता कुणी ऐकत नाही, सगळ्यांचा पाठ झालाय. तुम्ही सापडलात.

ठाण्यात नौपाड्याला आमची इमारत. तीन मजली, बिनलिफ्टची. आमच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते. सोळा वर्षांची, अकरावी कॉमर्स. ती कार्टून बनवते. हो, बनवते. मिनिटभराची, सव्वा मिनिटाची. तिचं नाव सांगत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी थोडा हिशेब. मी बँकेत ३४ वर्षं काढली, हिशेबाशिवाय मला पुढे जाता येत नाही. सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी डोळ्यांपुढून जातात. हाताने चित्रं काढणारे बहुतेक वेळा एकच चित्र दोन चौकटींना पुरवतात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. पुन्हा सांगतो, नीट ऐका, एका सेकंदाला बारा. तुम्ही शिंक देऊन "सॉरी" म्हणेपर्यंत डझनभर कागद संपले. सत्तर सेकंदांचं कार्टून घ्या, ८४० चित्रं झाली. मी हा आकडा तिला मोठ्या रुबाबात सांगायला गेलो, तर म्हणाली, "काका, ८४० कोण काढतंय? चालण्याची बारा काढायची आणि तीच फिरवायची. मागची इमारत तर एकदाच काढायची." म्हणजे या धंद्यातही काटकसर आहे. मला बरं वाटलं.

तिचा स्टुडिओ म्हणजे त्यांच्या जेवणाच्या टेबलाची काच. काचेखाली इमर्जन्सी लाइट, वर कागद. खालच्या कागदावरची रेघ वरच्यातून दिसते, म्हणजे कावळ्याची चोच पुढच्या चित्रात किती सरकवायची ते कळतं. कागद हलू नये म्हणून एका फळीला दोन खिळे आणि प्रत्येक कागदाला पंचिंग मशीनची दोन भोकं. कधी चित्रं न काढता कागदाचे सुटे तुकडेच वापरते. पंख वेगळा, पाय वेगळा. लोणच्याच्या दोन बरण्यांवर लाकडी पट्टी आडवी, पट्टीवर फोन पालथा. तुकडा केसभर सरकवायचा, फोटो. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. आणि हे सगळं पंखा बंद ठेवून! पंखा लावला की कावळ्याचा पंख सोफ्याखाली. ठाण्यात, मे महिन्यात, पंखा बंद. तिची आजी दारात येऊन मला म्हणते, "भाऊ, ही पोर मला कार्टूनपायी उकडून मारणार." याच आजींनी त्या कावळ्याला आवाज दिलाय, बरं का.

पैसे किती लागतात, असं पालक विचारतील. फोन घरात असतोच. कॉम्प्युटरवर करायचं तर ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फुकट म्हणजे चोरीचं नव्हे, रीतसर फुकट. लॅटव्हिया नावाच्या छोट्याशा देशातल्या लोकांनी याच ब्लेंडरवर 'फ्लो' हा मांजराचा सिनेमा केला, २०२४ सालचा. अख्ख्या सिनेमात एक शब्द नाही. त्याला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. तेव्हा सॉफ्टवेअरचं कारण सांगून कुणी सुटू नये. आणि हे खूळ काही नवं नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या नाचवून दाखवल्या होत्या. 'आगकाड्यांची मौज' असं नाव. एकेक काडी सरकवायची आणि एकेक चौकट टिपायची, तीच रीत. आज ती फिल्म शिल्लक नाही.

शाळेतल्या चित्रकलेबद्दल एक बोलून घेतो, विषयाला थोडं सोडून आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा चांगल्याच आहेत, माझ्या मुलीने दोन्ही दिल्या. पण पोरं हल्ली दहावीच्या वाढीव गुणांसाठी त्यांना बसतात आणि निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर. ज्या पोराने तांब्या, वांगं आणि कापडाची घडी तीन-तीन महिने घोटली, ते पुढे आयुष्यात वांग्याकडे बघत नाही. असो. भरल्या वांग्याचा अपवाद.

तर किस्सा.

गेल्या वर्षीचा गणपती. चौथ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे करमणुकीचे कार्यक्रम असतात. आरती झाली, वेशभूषा झाली, त्यात तीन शिवाजी महाराज आणि एक एटीएम मशीन. मग मांडवात पांढरी चादर लावली. चादर आमच्या घरची, डाव्या कोपऱ्यात हळदीचा डाग. प्रोजेक्टर दुसऱ्या मजल्यावरच्या क्लासवाल्या सरांचा. लॅपटॉप आणि रिमोट माझ्या हातात, कारण सेक्रेटरी मी.

कार्टूनचं नाव 'हँगरचोर'. तुम्ही पाहिलं असेल, आपल्याकडचे कावळे घरट्यासाठी तारा पळवतात. वायरचे तुकडे, कपड्यांचे तारेचे हँगर, काय मिळेल ते. तर एक कावळा दोरीवरच्या कपड्यांतून हँगर पळवतो, एका काकांचं बनियन खाली चिखलात पडतं, काका चिडतात, कावळा शेवटी त्यांच्या चष्म्याची काडीही नेतो. सत्तर सेकंद. ते काका हुबेहूब माझ्यासारखे दिसतात, पण मी ते मनावर घेतलेलं नाही.

लोक हसले, टाळ्या झाल्या. आणि मग चादरीवर नावं यायला लागली. पहिलं नाव, चार सेकंद. दुसरं नाव, चार सेकंद. नावाबरोबर त्या त्या माणसाने काढलेलं एक चित्र. मला वाटलं, पाच-सहा असतील. संपेचनात. आणि नेमके त्याच वेळी बटाटेवडे आले. दोन टोप, वाफाळते, तळलेल्या मिरच्यांचा वास मांडवभर. माणसं खुर्च्यांवरून मागे वळून बघायला लागली. खजिनदारांनी मला डोळ्यांनी खूण केली. मी रिमोट उचलला आणि प्रोजेक्टर बंद केला. माईकवर म्हणालो, "चला, सगळ्यांनी रांगेत या."

ती मुलगी समोर येऊन उभी राहिली. "काका, सुरू करा."

"अगं, वडे गार होतील."

"होऊ देत."

आता मला सांगा, कार्टून सत्तर सेकंदांचं आणि नावं किती? २७! सत्तावीस गुणिले चार, १०८ सेकंद. म्हणजे पिक्चरपेक्षा पाट्या मोठ्या. मी तिला तेच म्हणालो. शिवाय या २७ पैकी कार्टूनला प्रत्यक्ष हात लावलेले पाच. उरलेल्या २२ जणांनी त्यात एक रेघ ओढलेली नाही. ते फक्त चित्रं काढतात आणि तिला ती आवडतात, एवढाच त्यांचा संबंध. कळव्याचा एक मुलगा फक्त लोकल काढतो, बॉलपेनने, खिडक्यांच्या गजांसकट. राम मारुती रोडवर मेंदी काढणारी एक बाई. ऐरोलीची एक मुलगी, खाडीवरचे रोहित पक्षी काढते. गोखले रोडवरचा एक रिक्षावाला, त्याच्या रिक्षाच्या मागे त्याने स्वतः रंगवलेला मोर. हे सगळे तिने हिंडून शोधलेले. मी म्हणालो, "यांचा काय संबंध?" तर म्हणाली, "माझं बघायला लोक थांबतात ना, मग यांचंही बघून जाऊ देत."

इकडे गंमत अशी की मला सुरू करायचं ठरवूनही सुरू करता येईना. दिव्याचा जुना प्रोजेक्टर एकदा बंद केला की दिवा थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. नुसता पंखा घरघरतो. मी रिमोट दाबतोय, तो घरघरतोय.

तेवढ्यात माझं लक्ष फाटकाकडे गेलं. आमचे वॉचमन. अंगावर युनिफॉर्म, पण इस्त्रीचा. शेजारी त्यांची बायको, नवी साडी, आणि दोन मुलं. दिव्याहून आली होती, लोकलने, संध्याकाळच्या गर्दीत. मला काही उलगडेना. मग कळलं. हे वॉचमन पूर्वी पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, सगळं ब्रशने. फ्लेक्स आले आणि काम गेलं. (फ्लेक्सवर माझा राग जुना आहे. आमच्या नाक्यावर वाढदिवसाचे एवढे चेहरे लटकतात की सिग्नल शोधावा लागतो. आणि शुभेच्छुकांची नावं मात्र सगळी, एकही सुटत नाही! तिथे कुणी म्हणत नाही वडे गार होतील म्हणून.) तर कार्टूनच्या सुरुवातीला 'हँगरचोर' ही जी अक्षरं येतात, ती या वॉचमननी ब्रशने लिहिलेली. त्यांचं नाव चौदावं. मी बंद केलं तेव्हा अकरावं चालू होतं.

तुम्हाला सांगतो, मी वडे आणि माणसं दोन्हीकडे बघायचं टाळलं.

प्रोजेक्टर घरघरतोय. तर ती पोरगी चादरीसमोर उभी राहिली, माईक नाही, काही नाही, मागे गणपतीच्या माळांचा उजेड, आणि तोंडपाठ सुरू झाली. एकापासून. नाव आणि तो माणूस काय काढतो ते. "हे लोकल काढतात, यांच्या चित्रात दारात लटकलेली माणसं मोजून बघा, दर वेळी एक जण आत बघत असतो." असं प्रत्येकाचं. चौदाव्याला म्हणाली, "यांच्या हँगरचोरमधला 'ह' बघा, त्याची शेपटी हँगरच्या हुकासारखी वळवलीय. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच वळवली." माणसं वळून फाटकाकडे बघायला लागली. वॉचमननी टोपी काढली, पुन्हा घातली.

विसाव्या की एकविसाव्या नावाला प्रोजेक्टर पेटला. आणि मागून कुणीतरी ओरडलं, "पहिल्यापासून!" मग पुन्हा कावळा, पुन्हा बनियन, पुन्हा चष्म्याची काडी आणि पूर्ण २७ नावं. 'ह' आला तेव्हा आधी नुसतं हसलेले लोक "हां, हां" करायला लागले. चौदावं नाव आलं तसा वॉचमनच्या मोठ्या मुलाने फोन काढून फोटो घेतला. फ्लॅश चालू होता. फोटोत फक्त पांढरी चादर आणि हळदीचा डाग. दुसऱ्या दिवशी ती चौकट तिने छापून त्यांना दिली, ती आता त्यांच्या केबिनमध्ये आहे, व्हिजिटर रजिस्टरच्या वर.

वडे गार झाले. खजिनदार अजून बोलतात.

आता नावाचं. मी रेडिओवर बोलणार म्हटल्यावर तिला विचारलं, तुझं नाव घेऊ का? तर म्हणाली, "सत्तावीसच्या सत्तावीस घेणार असाल तर घ्या. नाहीतर एकही नको." मला इथे मिळालीत बारा मिनिटं, आणि किस्साच किती लांबला ते तुम्ही ऐकलंत. म्हणून एकही नाही.

पण तेव्हापासून एक खोड लागली. दूरदर्शनवर आपण सगळ्यांनी 'एक अनेक और एकता' पाहिलंय. १९७४ सालची फिल्म, त्यातलं चिमण्यांचं गाणं अर्ध्या देशाला पाठ आहे. विजया मुळे यांची ती फिल्म आणि चित्रं हलवली ती भीमसेन यांनी. पन्नास वर्षं मी ते गाणं गुणगुणतोय आणि ही दोन नावं मला साठी उलटल्यावर कळली, तीही त्या मुलीने सांगितली म्हणून. नावं तेव्हाही पडद्यावर येत असणार. आम्ही पाणी प्यायला उठत असणार.

सध्या ती रोहित पक्ष्यांवर काहीतरी करतेय, त्या ऐरोलीच्या मुलीबरोबर. ठाणे खाडीत हे पक्षी येतात ते तुम्हाला माहीत आहे. पण चालायला फार अवघड, म्हणजे तिला काढायला अवघड. त्यांचा गुडघा उलटा वाकतो असं आपल्याला वाटतं ना, तो गुडघा नसतोच, तो घोटा असतो. गुडघा वर पिसांत लपलेला. हे कळायच्या आधी तिने ४० कागद फुकट घालवले. चिखलात पाय पडल्याचा आवाज हवाय, त्यासाठी सैल कणकेत मूठ दाबून बघायचं ठरलंय. ते काम माझ्याकडे आलंय. रविवारी सकाळी दहाला वर बोलावलंय. कणीक मी नेणार, आणि रुमालही, कारण पंखा बंद असणार.

काल जिन्यात भेटली. घाईत होती. एवढंच विचारलं, "काका, तुमच्या आडनावात 'ळ' आहे ना, की 'ल'?"